मापाचे पाणी

(बंगळूर येथे सर्जापूर रोडवर भरलेल्या रेल्वे व टपाल कामगारांच्या शिबिरातील भाषण)



कार्मेलराम स्टेशनवर उतरून या सभागृहापर्यंत येताना आपल्यापैकी बहुतेकांनी नाकाला रुमाल लावला असेल. सर्जापूर रोडला जिकडे तिकडे बांधकाम चालू आहे. आज आम्हांला या धुळीविषयीच बोलायचे आहे. मॅट्रिक झालेल्या सेक्रेटरीला हे शास्त्र कुणी शिकवले, असे कुणी विचारील. आम्ही ते मालधक्क्यावर शिकलो. कसे, ते पुढे येईलच.

घरातला रवा डब्यात सुटा राहतो, मैद्याच्या मात्र गुठळ्या होतात. कणाची जाडी दहापट कमी झाली तर त्याचे वजन हजारपट कमी होते. शेजारच्या कणाला धरण्याची त्याची ओढ मात्र साधारण दहापटच घटते. म्हणून पूड जितकी बारीक तितकी ती चिकट. त्यात थोडे पाणी शिरले की दोन कणांमध्ये पाण्याचा सांधा तयार होतो आणि तो दोघांना आवळून धरतो. ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो, कोरड्या वाळूचा राहत नाही, आणि पाणी फार झाले तर तो वाहून जातो. सगळी गोम पाण्याच्या मापात आहे. रेल्वे कॉलनीतल्या आमच्या आया-मावश्यांना हे माप हातानेच कळत असे. लोको शेडमधली कोळशाची खर आणून, शेण-माती कालवून त्या गोळे वळायच्या आणि वाळवून शेगडीत घालायच्या.

हेच काम मोठ्या प्रमाणावर करणाऱ्या कंपनीचे मुख्य कार्यालय याच रस्त्याच्या शहराकडच्या टोकाला, कोरमंगलात आहे. कुद्रेमुखची ही सरकारी कंपनी १९७६ साली स्थापन झाली. तिथल्या डोंगरातले खनिज हलक्या प्रतीचे. ते दळून पीठ केल्याशिवाय त्यातले लोहखनिज वेगळे होत नसे. ते पीठ पाण्यात कालवून ६७ किलोमीटर लांबीच्या नळातून मंगळूरला उतरवत. पण पीठ भट्टीत तसेच ओतले तर ते वाऱ्याची वाट बुजवते किंवा झोताबरोबर उडून जाते. म्हणून मंगळूरला १९८७ साली गोळ्यांचा कारखाना सुरू झाला. पिठातले पाणी मापापुरते ठेवायचे, शेकडा एकाच्या आसपास बेंटोनाइट माती मिसळायची आणि ते फिरवत राहायचे. बुंदीएवढा दाणा अंगावर पीठ घेत घेत ८ ते १६ मिलिमीटरचा होतो. मग सुमारे १३०० अंशांवर तो भाजतात. राष्ट्रीय उद्यानातली ती खाण सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २००५ च्या अखेरीस बंद झाली. पुढे कारखान्याला छत्तीसगडसारख्या ठिकाणांहून खनिज आणावे लागले.

माप चुकले तर काय होते, तेही मंगळूरनेच पाहिले. जुलै २००९ मध्ये लोहखनिजाची पूड भरलेले 'एशियन फॉरेस्ट' जहाज तिथून निघाले आणि समुद्रात बुडाले. खलाशी वाचले. पावसाळ्यात भिजलेली पूड वरून घट्ट दिसते. जहाजाच्या हेलकाव्यांनी तिचे कण सुटतात, माल चिखलासारखा पातळ होऊन एका बाजूला धावतो आणि जहाज कलते.

माल बांधून ठेवण्यासाठी एवढी विद्या खर्च होते. आता आपल्या छातीकडे वळू. गँगमन खडी ओततो तेव्हा जी धूळ दिसते, ती बरीचशी नाकाघशात अडकते. ५ मायक्रॉनहून बारीक, डोळ्याला न दिसणारी पूड फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते. दगडातली सिलिका तिथे साचली की सिलिकॉसिस होतो, आणि तो बरा होत नाही. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यातही तो धंद्यामुळे होणारा रोग म्हणून नोंदलेला होता. एकदा हवेत गेलेल्या या कणांची आपसांत गाठ पडणे कठीण, म्हणून उठलेल्या ढगावर पाणी मारून थोडाच उपयोग होतो. खडी हलवण्याआधी भिजवली पाहिजे. वाफेच्या इंजिनावरचा फायरमन टेंडरमधल्या कोळशावर आधी पाणी मारायचा आणि मग फावडे घालायचा. आर. एम. एस. मधल्या भावांनीही थैल्या झटकल्यावर कोरडा झाडू मारू नये. फरशी ओलसर करून मगच झाडावे.

सिमेंटवर मात्र पाणी मारता येत नाही. तिथे छप्पर शाबूत हवे, पोती न फाटणारी हवीत आणि तोंडाला खरा मास्क हवा, गमछा नव्हे.

आता ती मालधक्क्याची गोष्ट. धक्क्याचे आणि ठेकेदाराचे नाव घेत नाही. एका पावसाळ्यात सिमेंटची पोती दगड झालेली निघाली. हमालांनी ती पावसात टाकली असे म्हणून ठेकेदाराने टोळीची मजुरी कापली. आम्ही एका निवृत्त केमिस्टला घेऊन तिथे गेलो. त्यांनी सांगितले की थप्पीच्या ओझ्याने दबलेले सिमेंटही घट्ट होते, पण पोते लोळवले की ते मोकळे होते आणि गुठळी बोटांत चुरडते. पाण्याने धरलेली गुठळी चुरडत नाही. आम्ही सगळ्यांदेखत पोती लोळवली. बरीच मोकळी झाली. जी झाली नाहीत ती थप्पीत एकाच रेषेत होती, आणि त्या रेषेवर छपराच्या पत्र्यात चीर होती. कापलेली मजुरी परत मिळाली.

चीर मात्र अजून तशीच आहे. तिच्याबद्दलची तीन पत्रे आमच्या फायलीत आहेत आणि चौथे आज तुमच्या सह्यांनी जायचे आहे. कागद दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे.