बिऱ्हाड हलविण्याचा भाव

श्रोतेहो, तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांनी बदलीपायी एकदा तरी बिऱ्हाड हलविले असेलच. टेंपोवाला दारात येतो, ओटीवरूनच घरात नजर टाकतो आणि उक्ता भाव सांगतो. थोडी घासाघीस होते, आणि संध्याकाळपर्यंत सामान नव्या गावी उतरते. भाव सांगणाऱ्याने सामान डोळ्यांनी पाहिलेले असते आणि ते उतरवून देणाराही तोच असतो. या दोन गोष्टी ध्यानात ठेवा. आज मी ज्या बिऱ्हाडाविषयी बोलणार आहे, त्यात या दोन्ही नव्हत्या.

माझी पुतणी आणि जावई २०२२ साली हाम्बुर्गहून कायमचे पुण्यास परतले. परदेशी सामान नेणाऱ्या कंपन्यांचे भाव एकत्र दाखविणारी एक ऑनलाइन पेठ त्यांनी पाहिली. कोणत्या खोलीत काय आहे ते भरले, आणि मिनिटाभरात चार कंपन्यांचे भाव समोर आले. सर्वांत स्वस्त होती तिला काम दिले. पेठेच्या हिशेबाने सामान ९ घनमीटर होते. बांधाबांध झाल्यावर ते निघाले साडेबारा. जादा पैसे भरले तेव्हा सामान जहाजावर चढले. पुढे न्हावा शेवा बंदरात दुसरे बिल आले : बंदरातील हाताळणी, कागदपत्रे, पुण्यापर्यंतची गाडी. ते फेडीपर्यंत गोदामाचे भाडे रोज चढत होते. अखेर माझ्या भावाने मुदतठेव मोडली.

ही उघड लबाडी, असे मी म्हणालो. पण माझा एक जुना विद्यार्थी नेदरलँड्समध्ये अशाच एका दुसऱ्या पेठेचे काम पाहतो. त्याला विचारले तेव्हा कळले की प्रकरण इतके सोपे नाही.

तो म्हणाला, "सर, आम्ही भाव विकतो, पण मोजतो मात्र अंदाज." समुद्रमार्गे जाणाऱ्या घरसामानाचा भाव वजनापेक्षा घनफळावर ठरतो. गुरुजनहो, वर्गात हे सांगण्याजोगे आहे : सहा फूट उंच, तीन फूट रुंद, दोन फूट खोल कपाट म्हणजे ३६ घनफूट, एक घनमीटरहून किंचित अधिक. पेठेच्या तक्त्यात प्रत्येक वस्तूपुढे असा ठरीव आकडा असतो. पण माणसे पलंग आणि कपाट लिहितात. माळ्यावरचे, पलंगाखालचे, स्वयंपाकघरातले विसरतात. वीस फुटी कंटेनरात सुमारे ३३ घनमीटर मावतात. एवढे सामान थोड्याच घरांत असते, म्हणून तीन-चार बिऱ्हाडे एका कंटेनरात जातात आणि तो भरेपर्यंत वाट पाहावी लागते.

दुसरी अडचण भाड्याची. लंडनच्या ड्र्यूरी या संस्थेच्या निर्देशांकाप्रमाणे ४० फुटी कंटेनरचे सरासरी भाडे २०१९ मध्ये सुमारे १,४०० डॉलर होते. सप्टेंबर २०२१ मध्ये ते १०,००० डॉलरच्या वर गेले. अशा काळात गेल्या महिन्याचा दर पेठेवर तसाच राहिला, तर तो दर राहत नाही, नुसती आठवण राहते.

पण खरी मेख तिसरीच. आपल्यातील शेतकरी ती लगेच ओळखतील. बाजार समितीत कांद्याचा भाव पुकारला जातो तो एक, आणि हिशेबपट्टीवर हमाली-तोलाई वजा होऊन हातात पडते ते निराळे. इथेही तसेच. हाम्बुर्गला बांधणारा एक, जहाज दुसऱ्याचे, मुंबईकडे सोडवून घेणारा तिसरा. जी कंपनी तिघांचाही खर्च प्रामाणिकपणे धरते, तिचा आकडा मोठा दिसतो आणि ती यादीत खाली जाते. जी फक्त समुद्रापर्यंतचे सांगते, ती वर बसते. बरे, अनेक पेठांचे उत्पन्न सामान पोहोचल्यावर नसतेच. गिऱ्हाईकाची चौकशी चार-पाच कंपन्यांना विकली की त्यांचे पैसे झाले. मग मोठा आकडा दाखवून गिऱ्हाईक बिचकवायचे कोणी?

अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात घर हलविताना एक कायदा आड येतो. अंदाजी भावाच्या ११० टक्के रक्कम दिली की कंपनीला सामान उतरवून द्यावेच लागते. वरचे पैसे नंतर मागावेत. सामान अडवून पैसे उकळण्याला तेथे लगाम आहे. दोन देशांच्या मध्ये असा एकच कायदा नाही. तेथे जे काही आहे ते पेठ चालविणाऱ्याच्या हातात.

माझ्या विद्यार्थ्याने काय केले? उतरत्या बंदराचा खर्च हा रकाना त्याने सक्तीचा केला. तो रिकामा असेल तर कंपनीचा भाव दिसतच नाही. प्रत्येक दरापुढे मुदतीची तारीख घातली. काही कंपन्या पेठ सोडून गेल्या, आणि त्याच्या मालकाने त्याला महिनाभर धारेवर धरले. (हे त्याने हसत सांगितले, पण त्या महिन्यात तो हसत नसावा.) मग गिऱ्हाईकांच्या तक्रारी कमी झाल्या, तसे राहिलेल्या कंपन्यांनाच ते बरे वाटू लागले, कारण बंदरात भांडायला उभे राहावे लागते ते त्यांनाच.

आता त्यांच्याकडे भाव पक्का करण्याआधी माणूस मोबाइलच्या कॅमेऱ्यातून गिऱ्हाईकाचे घर हिंडून पाहतो. माळा, तळघर, कपाटाचे कप्पे उघडायला लावतो. म्हणजे ओटीवरच्या टेंपोवाल्याची ती नजरच झाली.

पुतणीचे सामान पुण्यास पोहोचले तेव्हा मी हजर होतो. खोकी उघडता उघडता वाढलेल्या साडेतीन घनमीटरांचा पत्ता लागला. त्यांत पाळण्याचे सुटे भाग होते, थंडीच्या रजया होत्या, आणि एकोणीस खोकी पुस्तके. तक्ता भरताना पुस्तकांपुढे तिने लिहिले होते : "थोडी."