मागे जोडलेले घर



कामगार चळवळीतल्या माणसाने मोटारीमागे घर ओढण्याच्या विषयावर काय बोलावे, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना पडला असेल. बोनस, महागाईभत्ता, ले-ऑफ हे आमचे नेहमीचे विषय. परंतु आजचा विषयही त्यांच्याच घरातला आहे, हे थोड्या वेळात ध्यानात येईल.

अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर म्हणून एक वस्तू आहे. दोन किंवा चार चाकांवरची खोली. आत बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी, मोरी सारे काही. तिला स्वतःचे इंजिन नसते. मोटारीच्या मागच्या हुकाला तिची दांडी अडकवावयाची आणि ओढत न्यावयाचे. आपल्याकडेही २०२१ साली महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण केले, तेव्हा वर्तमानपत्रांतून अशा गाड्यांची चित्रे आली. चित्रात टोपी घातलेला बाप आणि हसणारी मुले असतात.

चित्राबाहेर दुसरी माणसे आहेत. २००८ च्या मंदीत अमेरिकेत पुष्कळांची घरे गेली, साठीच्या माणसांची पुंजी बुडाली. त्यांतल्या काहींनी ट्रेलर हेच घर केले आणि कामामागे फिरू लागले. जेसिका ब्रूडर या बाईंनी त्यांच्यावर २०१७ साली ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक लिहिले, पुढे त्याचा चित्रपटही झाला. ॲमेझॉन कंपनी कित्येक वर्षे अशा ट्रेलरवाल्यांना नाताळच्या हंगामापुरती गोदामात कामाला घेत असे. मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा यांच्या सीमेवर रेड नदीचे खोरे आहे. तेथे ऑक्टोबर लागला की साखरेच्या बीटचा हंगाम सुरू होतो. बारा-बारा तासांची पाळी असते, आणि ट्रेलर उभा करावयास जागा मिळते. ऊसतोडीला बैलगाडीवर संसार बांधून निघणारी बीडकडची माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे चित्र फारसे परके वाटणार नाही. साखर तीच, फक्त कंद वेगळा.

आता अशा माणसाजवळ नवा कोरा दणकट ट्रक कोठून असणार? त्याच्याजवळ असते दहापंधरा वर्षे वापरलेली मध्यम आकाराची एसयूव्ही. एकेकाळी मुलांना शाळेत सोडण्यासाठी घेतलेली. तिच्यामागे घर जोडून तो हजार दोन हजार किलोमीटर निघतो. ही गाडी ते घर ओढू शकेल काय, हा त्याचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर आकड्यांत आहे. मालकाने दिलेला आकडा कसा वाचावा, हे शिकवण्यातच आमचे आयुष्य गेले.

वानगीदाखल २०१० ची टोयोटा हायलँडर घ्या. साडेतीन लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन. कंपनी म्हणते, ओढण्याची ताकद ५००० पौंड, म्हणजे सुमारे २२७० किलो. आमचा माणूस ट्रेलरच्या माहितीपत्रकात पाहतो. वजन १६०० किलो. तो म्हणतो, झाले काम, सहाशे सत्तर किलो शिल्लक!

कामगार मंडळींना हा घोटाळा चटकन कळेल. कागदावरचा पगार आणि हातात पडणारा पगार यांत जे अंतर असते तेच येथे आहे. माहितीपत्रकातले १६०० किलो हे रिकाम्या खोलीचे वजन. बहुतेक वेळा त्यात पाणी नसते, गॅस नसतो, बॅटरीही नसते. दीडशे लिटर पाणी भरले की दीडशे किलो वाढले. भांडी, कपडे, हत्यारे, हिवाळ्याची पांघरुणे घातली की काटा सहज २०५० वर जातो. तरीही २२७० च्या आत आहे, असे आपण म्हणाल. थांबा, खरी कपात पुढेच आहे.

ट्रेलरचे सगळेच वजन त्याच्या चाकांवर नसते. दांडीवाटे काही भाग मोटारीच्या हुकावर येतो. तो एकूण वजनाच्या शेकडा दहा ते पंधरा असावा लागतो. बारा धरा, तर आपल्या ट्रेलरचे सुमारे २५० किलो मोटारीच्या पाठीवर बसले. मोटारीने माणसे आणि सामान मिळून किती उचलावे, हा वेगळाच आकडा आहे. तो जाहिरातीत कोठेही सापडणार नाही. ड्रायव्हरचे दार उघडले की खांबावर एक छोटी चिठ्ठी चिकटवलेली असते, तीवर तो लिहिलेला असतो. समजा तेथे ५०० लिहिले आहेत. दांडीचे २५० गेले. नवराबायकोचे दीडशे गेले. जोडणीचे लोखंड चाळीस किलो. उरले साठ. एक कुत्रा आणि दोन पेट्या ठेवल्या की हिशेब संपला. नातवंडांना बरोबर घेण्याची सोयच राहिली नाही. अशा रीतीने ओढण्याचे दोनशेवीस किलो हाती शिल्लक असताना उचलण्याचे वजन संपून जाते. जुन्या मध्यम एसयूव्हीचे बहुधा असेच होते.

मग दांडीवर वजन कमीच का ठेवू नये? याचे उत्तर बैलगाडी हाकलेल्या माणसाने द्यावे. मागे जास्त माल भरला की गाडी उलाळ होते, जू वर उचलते. मोटारीमागचा ट्रेलर उलाळ झाला की तो वेगात शेपटी हलवू लागतो. पहिल्यांदा थोडी, मग जास्त, आणि शेवटी मोटारीलाच फिरवतो. त्या वेळी घाबरून मोटारीचा ब्रेक जोरात दाबू नये, चाकही इकडेतिकडे फिरवू नये. चाक सरळ धरावे, ॲक्सिलरेटर सोडावा आणि ट्रेलरचे ब्रेक तेवढे हाताने लावावेत. त्यासाठी ड्रायव्हरसमोर स्वतंत्र खटका बसवलेला असतो. तो नाही, अशी गाडी घेऊन निघूच नये. अमेरिकेत पुष्कळ राज्यांत ३००० पौंडांवरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत, कॅलिफोर्नियात तर १५०० पासूनच. त्याच राज्यात ओढणाऱ्या गाडीला ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे. आम्हाला ती शहाणपणाची वाटते, कारण वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि ट्रेलरचे तोंड म्हणजे एक उभी भिंतच असते.

दांडीचे वजन मागच्या चाकांच्याही मागे पडते, त्यामुळे मोटारीचे नाक वर होते आणि स्टिअरिंग हलके लागते. त्यावर पोलादी पट्ट्यांची एक जोडणी मिळते. ती वजनाचा काही भाग पुढच्या चाकांकडे आणि काही ट्रेलरच्या चाकांकडे ढकलते. विक्रेता सांगतो, ही लावली की कितीही ओढा. हे खोटे आहे. दारावरचा आकडा तिने वाढत नाही. काही गाड्यांना तर ही जोडणी लावण्यास कंपनीचीच मनाई असते.

आणखी एक गोष्ट. हे आकडे ठरवले कोणी? पूर्वी प्रत्येक कंपनी आपल्याच गजाने मोजत असे. मालकच उत्पादन मोजणार, मालकच दर ठरवणार, हा प्रकार आमच्या चांगला परिचयाचा आहे. २००८ साली मोटार अभियंत्यांच्या संस्थेने एक सामाईक कसोटी ठरवली आणि २०११ च्या गाड्यांपासून टोयोटाने ती प्रथम स्वीकारली. बाकीच्या हळूहळू आल्या. या कसोटीतली चढण ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या घाटाची धरली आहे. सुमारे अठरा किलोमीटरांत नऊशे मीटर चढ, कडक ऊन आणि एअर कंडिशनर पूर्ण चालू. तेव्हा त्याआधीच्या जुन्या गाडीचा आकडा जरा हात राखूनच घ्यावा.

शिवाय तो आकडा नव्या गाडीचा. पंधरा वर्षांत स्प्रिंगा बसतात आणि बर्फावरच्या मिठाने हुकाची चौकट गंजते. ऑटोमॅटिक गिअरचे तेल ओझ्याने तापते आणि जुने तेल लवकर करपते, म्हणून ते बदलावे आणि त्याला थंड करणारी जाळी आहे का ते पाहावे. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषते आणि उतारावर तापून उकळते, मग पेडल पायाखाली नुसते बसते. डेन्व्हरच्या पश्चिमेला आयझेनहॉवर बोगदा ३४०० मीटर उंचीवर आहे. साध्या इंजिनाची ताकद तेथे जवळजवळ तृतीयांश कमी होते. चढताना फार तर वेळ लागेल, पण उतरताना जीव जाऊ शकतो. आपले ट्रकवाले खंडाळ्याचा घाट खालच्या गिअरमध्ये उतरत आले, तेच तेथे करावे.

टायर वरून नवे दिसतात, पण त्यांच्या अंगावर जन्मतारीख असते. शेवटचे चार आकडे पाहा. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ट्रेलर वर्षातले बरेच महिने उभा असतो, त्यामुळे नक्षी झिजण्याआधीच रबर म्हातारे होते.

हे सगळे घरबसल्या कागदावर करून भागत नाही. काट्यावर जावे लागते. काटा म्हटले की ऊसवाल्यांच्या मनात काटामारी येते, ते साहजिक आहे. अमेरिकेत हमरस्त्यावरच्या ट्रक थांब्यांवर मोठे काटे असतात. थोडे पैसे देऊन कोणालाही वजन करता येते. प्रथम ट्रेलर जोडून, मग सोडून, अशा दोन चिठ्ठ्या घ्याव्यात. दोहोंतील मोटारीच्या वजनाचा फरक म्हणजे दांडीचे वजन. पट्ट्यांची जोडणी असेल तर या वेळी ती ढिली ठेवावी.

आणि काट्याने नाही म्हटले तर? पाण्याची टाकी रिकामी करावी, मुक्कामी पाणी मिळतेच. जड सामान ट्रेलरच्या चाकांवर आणावे. तेवढ्यानेही भागले नाही तर दांडगा ट्रक असलेल्या माणसाला भाडे देऊन घर ओढवून घ्यावे. दोन्ही खेपांचे हे भाडे हंगामाच्या मजुरीतून गेले तर हाती किती राहते, ते हंगामाला निघण्याआधी मांडून पाहावे, आणि जो कामाला बोलावतो त्याला हा खर्च कोणाकडे, हे लेखी विचारावे. आपल्याकडे १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगारांच्या कायद्यात जाण्यायेण्याचा प्रवासभत्ता ठेकेदाराने द्यावा असे लिहिले होते. तो मिळवण्यासाठी किती खेटे घालावे लागत, हे या सभागृहातल्या काही जणांना ठाऊक आहे. बीटच्या शेतावर घर घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्यानेही तोच भत्ता मागावा, असे आमचे म्हणणे आहे.