गॅरेजमध्ये बांधलेलं विमान



विमान घरी बांधता येतं का?
अमेरिकेत येतं.
हजारो हौशी लोकांनी बांधलंय.

ओरेगॉन राज्यातली व्हॅन्स ही कंपनी
सुट्या भागांचे संच विकते.
खोक्यांतून ॲल्युमिनियमचे पत्रे येतात.
जोडायचे आपण.

पण एक अट आहे.
निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनीच केलेलं हवं.
पुन्हा सांगतो, निम्म्याहून जास्त!
पैसे टाकून सगळं दुसऱ्याकडून करून घेतलं, तर चालत नाही.

काम मोठं किचकट.
पत्र्याला भोक पाडलं,
की कडेचा खरखरीतपणा घासून काढायचा.
तो राहिला, तर तिथूनच तडा जाऊ शकतो.
मग स्प्रिंगच्या तात्पुरत्या चापांनी पत्रे एकत्र धरायचे,
आणि रिव्हेट ठोकायचे.
एकाने बाहेरून ठोकायचं,
दुसऱ्याने मागून पोलादी ठोकळा दाबून धरायचा.
अशी भोकं हजारो!
घरच्यांचीही कसोटीच म्हणा.

विमान तयार झालं,
तरी पाहुण्यांना लगेच फिरवता येत नाही.
आधी तपासणी.
मग ठरावीक भागातच चाचणी उड्डाणं,
बहुधा 25 ते 40 तास.

आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी
मुंबईतल्या कांदिवलीत, चारकोपला,
चक्क इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं.
तो विकतचा संच नव्हता.
आराखडाही त्यांचाच.
ही गोष्ट मला जास्त अवघड वाटते.

2016 साली मुंबईतल्या मेक इन इंडिया प्रदर्शनात
लोकांनी ते पाहिलं.
पुढच्या वर्षी, 2017 मध्ये,
त्याची अधिकृत नोंदणी झाली.