दंतविद्येचें दान



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आम्हांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली. आम्हीं निवडलेला विषय ऐकून कित्येकांस हंसूं येईल. देवळाच्या महोत्सवांत दांतांची गोष्ट कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु ज्याची दाढ रात्रभर ठणकली आहे तो हंसणार नाहीं. संत अपोलोनिया हिचें नांव आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक आहे. इसवी सन २४९ च्या सुमारास आलेक्झांड्रिया येथें छळ करणारांनीं तिचे दांत पाडले व तिनें हौतात्म्य पत्करलें. म्हणून दांतदुखीनें पीडलेले भाविक तिचा धांवा करितात. आज आम्ही त्या दुखण्याविषयीं नव्हे, तर तें दूर करणारे हात तयार व्हावेत म्हणून ज्यांनीं आपलें द्रव्य वेंचिलें, त्यांच्याविषयीं बोलणार आहों.

पहिलें उदाहरण आपल्याच देशांतलें. डॉ. रफिउद्दीन अहमद यांचा जन्म १८९० सालीं पूर्व बंगालांत झाला. अमेरिकेस जाऊन त्यांनीं आयोवा विद्यापीठाची दंतवैद्यकाची पदवी १९१५ सालीं मिळविली व बोस्टन येथील फोर्साईथ दवाखान्यांत लहान मुलांचे दांत तपासण्याचें काम केलें. तेथें त्यांस सुखानें राहतां आलें असतें. परंतु ते स्वदेशीं परतले आणि १९२० सालीं त्यांनीं कलकत्त्यास भारतांतील पहिलें दंतमहाविद्यालय काढलें. पैसा कोठून आणावा? त्यांनीं ‘न्यू यॉर्क सोडा फाउंटन’ नांवाचें आइसक्रीमचें दुकान घातलें आणि त्याच्या नफ्यावर विद्यालय चालविलें. ज्या गोडानें दांत किडतात त्याच गोडाच्या पैशानें दंतवैद्य तयार झाले! कुमारी फातिमा जिना यांनीं याच विद्यालयांत शिक्षण घेऊन १९२३ सालीं मुंबईस दांतांचा दवाखाना उघडला. डॉ. अहमद १९६५ सालीं वारले, तो दिवस ९ फेब्रुवारी, म्हणजे संत अपोलोनियेचा सण. तें महाविद्यालय आज त्यांच्याच नांवानें चालत आहे.

दुसरें उदाहरण अमेरिकेंतील मिशिगन प्रांताचें. विल कीथ केलॉग या गृहस्थांचें शाळेंतील शिक्षण अल्पच होतें. मक्याच्या पोह्यांच्या व्यापारांत त्यांनीं अमाप संपत्ति मिळविली. त्यांचा एक नातू खिडकींतून पडून अधू झाला, तेव्हां पैसा असूनहि योग्य उपचार मिळणें किती कठीण आहे हें त्यांनीं पाहिलें. मग धनहीन आईबापांची काय गत होत असेल? १९३० सालीं त्यांनीं आपल्या नांवाचा धर्मादाय निधि स्थापिला व १९३४ सालीं ६ कोटि ६० लाख डॉलरांहून अधिक मोलाची संपत्ति त्यास अर्पण केली. खेड्यापाड्यांतील मुलांची प्रकृति व दांत तपासण्याचें काम प्रथम हातीं घेतलें गेलें. मुलें पुष्कळ, दंतवैद्य थोडे, अशी स्थिति दिसतांच निधीनें शिक्षणाकडे लक्ष वळविलें. मिशिगन विद्यापीठांत १८७५ पासून दंतविद्यालय होतें; तेथें दंतवैद्यांस उच्च शिक्षण मिळावें म्हणून निधीच्या साह्यानें १९४० सालीं स्वतंत्र संस्था उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत गरजू वैद्यक व दंतवैद्यक विद्यार्थ्यांकरितां निधीनें विद्यालयांस शिष्यवृत्त्या व कर्जें देण्यासाठीं रकमा दिल्या, आणि दक्षिण अमेरिकेंतील दंतवैद्यांसहि शिष्यवृत्त्या देऊन बोलाविलें.

आतां आपल्या घराकडे वळूं. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबांतील मुलास दंतमहाविद्यालयांत प्रवेश मिळाला. सगेसोयऱ्यांनीं वर्गणी करून फी भरली, आनंद झाला. परंतु दंतविद्या केवळ पुस्तकांतून येत नाहीं. पहिल्याच वर्षीं मेणाचे दांत कोरावे लागतात, प्लास्टरचे जबडे घडवावे लागतात, पुढें कृत्रिम डोक्यावर हात बसवावा लागतो. आणि चिमट्यापासून कोरणीपर्यंत बहुतेक हत्यारें विद्यार्थ्यानें स्वतः विकत घ्यावीं लागतात. त्या मुलाच्या बापास हें कोणीं सांगितलें नव्हतें. मुलगा दुसऱ्यांचीं हत्यारें मागून काम करूं लागला, मागे पडला, आणि दुसऱ्या वर्षीं शिक्षण सोडून घरीं बसला. दोष त्याच्या बुद्धीचा नव्हता. आम्हीं सर्वांनीं फी दिली व हात झटकले, हा दोष आमचा.

म्हणून आमचें पहिलें म्हणणें हें कीं शिष्यवृत्ति द्यावयाची तर पुरी द्यावी. चार वर्षें अभ्यास व एक वर्ष रुग्णालयांतील उमेदवारी, अशीं पांच वर्षें तिनें पुरलें पाहिजे. दहा जणांस अर्धवट देण्यापेक्षां एकास शेवटपर्यंत न्यावें.

दुसरा प्रश्न देणगी कीं कर्ज, हा. जमशेटजी टाटा यांनीं १८९२ सालीं परदेशीं उच्च शिक्षणाकरितां जो निधि स्थापिला तो कर्जाऊ शिष्यवृत्तीचा. एकानें फेडलेला पैसा दुसऱ्याच्या उपयोगीं पडतो व घेणाराचा स्वाभिमानहि राहतो. उलट, कर्जाचा बोजा डोक्यावर असलेला तरुण दंतवैद्य गरिबाच्या वस्तींत दवाखाना कसा घालणार? आम्हांस असें वाटतें कीं हत्यारें व पुस्तकें देणगी म्हणून द्यावीं, फी मात्र बिनव्याजी कर्जानें द्यावी. आणि जो आपल्या गांवीं बसून कांहीं वर्षें गरिबांचे दांत अल्प मोबदल्यांत पाहील, त्याचें कर्ज तेवढ्या प्रमाणांत माफ करावें.

बंधुभगिनींनो, ज्युबिलीच्या आरास-रोषणाईचे दिवे आठवड्यानें उतरतील. त्याच्या खर्चांतून कांहीं रक्कम उरली तर ती पेटींत पडूं न देतां अशा निधीचें बीज करावें, अशी आमची नम्र सूचना आहे. डॉ. अहमदांपाशीं सरकारी खजिना नव्हता, एक दुकान होतें. आपणांपाशीं एक अख्खा पॅरिश आहे. पुढील ज्युबिलीस या व्यासपीठावरून आपल्याच गांवच्या एखाद्या दंतवैद्यानें बोलावें आणि आम्हां म्हाताऱ्यांनीं सगळे दांत शाबूत ठेवून तें ऐकावें, एवढीच इच्छा प्रकट करून आम्ही आपली रजा घेतों.