फेरेटचा आहारपालट

इंग्लंड-अमेरिकेत ज्या प्राण्याला फेरेट म्हणतात, तो आपल्या रानावनांतला नव्हे. त्यामुळे मराठीने त्याला स्वतःचे नाव दिले नाही, यात नवल नाही. लांबट नळीसारखे अंग, आखूड पाय, काळेभोर डोळे आणि क्षणभरही स्वस्थ न राहणारे नाक, असे त्याचे रूप पाहून प्रथम आठवण होते ती मुंगसाची. परंतु मुंगसाशी त्याचे नाते दूरचे आहे. कोकणच्या खाड्यांतून वावरणारे पाणमांजर हा त्याचा खरा कुळबंधू. युरोपातील पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्याला माणसाने माणसाळविले, त्याचा हा वंशज. त्याच्या शास्त्रीय नावातील ‘फुरो’ हा शब्द लॅटिन भाषेतील चोरवाचक शब्दापासून आलेला आहे, आणि ज्यांच्या घरी फेरेट आहे त्यांना या व्युत्पत्तीचा पुरावा मागावा लागत नाही. मोजा, किल्ल्या, साबणाची वडी, जे हाती लागेल ते ओढून नेऊन पलंगाखाली दडवून ठेवणे हा त्याचा नित्याचा उद्योग.

माणसाने त्याला पाळले ते मात्र कौतुकासाठी नव्हे, कामासाठी. भूमध्य समुद्रातील बेलिआरिक बेटांवर सशांनी एवढा उच्छाद मांडला की तेथील रहिवाशांनी सम्राट ऑगस्टसकडे सैन्याची मदत मागितली, असे प्लिनी या रोमन ग्रंथकाराने लिहून ठेवले आहे. आणि त्याच संदर्भात सशांच्या बिळांत सोडल्या जाणाऱ्या एका चिमुकल्या शिकारी प्राण्याचाही उल्लेख त्याने केला आहे. पुढे इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत फेरेट हा गरिबाचा शिकारी कुत्राच होऊन बसला. बिळाच्या तोंडाशी जाळे लावायचे, दुसऱ्या तोंडातून फेरेट आत सोडायचा आणि बावरून बाहेर पडणारा ससा जाळ्यात धरायचा, अशी ही सोपी युक्ती.

गंमत अशी की, या अस्सल मांसभक्षक प्राण्याला त्याचे इंग्रज धनी कित्येक पिढ्या दुधात भिजविलेला पाव खाऊ घालीत आले. मांस दिले तर तो हिंस्र होईल, हाताला चावेल, बिळात ससा मारून तेथेच खात बसेल, अशी त्यांची समजूत होती. आपल्याकडेही मांजराला दूधभात आणि कुत्र्याला भाकरीचा चुरा घालणारी घरे थोडी नाहीत. त्या मांजराचे चालते, कारण दूधभात घरी खाऊन ते उंदीर बाहेर जाऊन खाते, आणि धन्याला त्याचा पत्ता नसतो. पिंजऱ्यातील फेरेटला अशी सोय नव्हती. दूधपावावर वाढलेली जनावरे किडकिडीत निघत, त्यांना हगवण लागे. आणि हळूहळू, विसाव्या शतकात, जाणत्या पाळणाऱ्यांनी त्यांना सशाचे मांस हाडाकातड्यासकट घालावयास आरंभ केला.

फेरेटची देहरचनाच या गोष्टीची साक्ष देते. त्याचे आतडे अतिशय आखूड असते. वनस्पतिजन्य पदार्थ आंबवून पचविण्याची जी पिशवी सशाच्या पोटात असते, ती त्याच्या पोटात मुळीच नाही. खाल्लेले अन्न तीन-चार तासांत शरीराबाहेर पडते. जबडा कातरीसारखा वर-खाली चालतो, गाईप्रमाणे आडवा फिरत नाही. म्हणजे धान्य दळण्याची सोय निसर्गाने त्याला दिलेलीच नाही. एवढ्या थोड्या वेळात जे पचेल तेच त्याचे अन्न, आणि ते म्हणजे प्राण्यांपासून मिळणारी प्रथिने व चरबी. धान्याचा पिठूळ अंश त्याच्या पोटात जाऊन जवळजवळ जसाच्या तसा बाहेर पडतो, किंवा रक्तातील साखरेचा तोल बिघडवितो.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत अमेरिकेत फेरेट हा हौसेचा घरगुती प्राणी झाला, आणि पावाची जागा पिशवीतल्या कोरड्या दाण्यांनी घेतली. हे दाणे सोयीचे खरे. नासत नाहीत, वास येत नाही, वाटीत ओतून कामावर निघून जाता येते. त्यांतील चांगल्या प्रतीच्या दाण्यांवर कित्येक फेरेट सुखाने जगतात, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु दाणा घट्ट बांधला जाण्यासाठी त्यात पिष्टमय पदार्थ घालावाच लागतो. अमेरिकेत मध्यमवयीन फेरेटांमध्ये स्वादुपिंडाच्या एका अर्बुदाचे प्रमाण फार मोठे आहे. त्या अर्बुदातून इन्शुलिन वाजवीपेक्षा अधिक स्रवते, रक्तातील साखर एकाएकी उतरते, जनावराचे मागचे पाय लुळे पडतात, तोंडाला लाळ सुटते, नजर शून्यात लागते. हा दोष पिठूळ दाण्यांचा, की फार लहानपणी केलेल्या खच्चीकरणाचा, की एकाच कुळातील पैदाशीचा, याचा निर्णय अद्याप लागलेला नाही. तरी पाळणाऱ्यांपैकी अनेकांना वाटू लागले की आपल्या लाडक्याला त्याच्या पूर्वजांचे अन्न परत द्यावे. हा विचार चुकीचा नाही. तो जितका सोपा वाटतो तितका मात्र नाही.

पहिली अडचण खुद्द फेरेटच उभी करतो. कोंबडीचा ताजा तुकडा समोर ठेवला तर हा शिकाऱ्याचा वंशज तो हुंगतो, नाक मुरडतो, दोन पावले मागे सरतो, आणि प्रसंगी त्यावर माती उकरून घालण्याचा अभिनय करतो. याचे कारण १९७८ साली जर्मन शास्त्रज्ञ राइमुंड आपफेलबाख यांच्या प्रयोगांनी स्पष्ट केले. फेरेटच्या पिलाला वयाच्या साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ज्या अन्नाचा वास लागतो, तेच अन्न त्याला पुढे जन्मभर अन्न वाटते. त्या काळात ज्याचा वास आला नाही तो पदार्थ, मग तो त्याच्या जातीला कितीही मानवणारा असो, त्याच्या लेखी खाण्याची वस्तूच नव्हे. अमेरिकेतील दुकानांत विकली जाणारी पिले नेमकी या वयात दाण्यांवर असतात. अर्थात तीन वर्षांच्या फेरेटला मांस चारणे म्हणजे त्याची भूक भागविणे नव्हे, त्याच्या नाकाची समजूत घालणे होय.

येथेच उतावीळ माणसाची चूक होते. ‘उपाशी ठेवला की खाईल’ हा न्याय कुत्र्याला कदाचित लागू पडेल, फेरेटला नाही. त्याचे पोट चार तासांत रिकामे होते. दिवसभर उपवास घडला तर यकृतात चरबी साचून तो दगावण्याची भीती असते, आणि वर सांगितलेले अर्बुद असलेल्या जनावराला तर काही तासांचा उपवासही झटके आणतो. म्हणून आहारपालट चालू असताना जुने अन्न पूर्णपणे बंद करावयाचे नाही, हा पहिला नियम. निरोगी फेरेटची दाण्यांची वाटी नव्या जेवणापूर्वी तीन-चार तास उचलून ठेवावी, आणि नवे नाकारले तर जुने पुन्हा समोर ठेवावे.

अनुभवी पाळणारे ज्या वाटेने जातात ती वाट अशी. त्याच्या ओळखीचे दाणे प्रथम कुटून कोमट पाण्यात भिजवितात आणि त्यांची पेज करतात. ही पेज तो बोटावरून चाटू लागला, की तिच्यात कोंबडीचा कच्चा खिमा घालावयाचा. पण किती, तर पाव चमच्याइतका. वास दाण्यांचाच राहिला पाहिजे, मांसाने त्यात चोरपावलांनी शिरावयाचे. एकदोन थेंब त्याच्या ओठाला लावले तर तो आपसूकच जीभ फिरवितो, आणि पुष्कळदा सारा तंटा त्या एका चाटण्यात मिटतो. मात्र तोंड बळेच उघडून अन्न कोंबणे वर्ज्य समजावे. एकदा मनात भय बसले की तो त्या वाटीकडेही फिरकत नाही. अन्न अंगाच्या उष्णतेइतके कोमट असावे, कारण थंड मांसाला वास नसतो आणि फेरेट नाकाने जेवतो. पाच-सहा दिवसांनी खिमा थोडा वाढवावा, दाणे थोडे कमी करावे. पुढे खिम्याच्या जागी लहान पट्ट्या, मग हाडासकट कोंबडीच्या पंखाचे टोक, अशी पायरी चढत जावी. पिलू असेल तर हे सारे आठवड्याभरात उरकते. हट्टी प्रौढाला तीन-चार महिने लागतात, आणि त्या काळात घरातील माणसांच्या सहनशीलतेचीही परीक्षा होते.

या काळात दोन गोष्टींवर डोळा ठेवावा लागतो. एक, वजन. स्वयंपाकघरातील काट्यावर ते दर आठवड्यास घ्यावे. एक किलोच्या जनावराचे शंभर ग्रॅम उतरले, तर प्रयोग थांबवून पशुवैद्य गाठावा. वसंतात फेरेट निसर्गतःच थोडा उतरतो, हिवाळ्यापूर्वी भरतो, हे ध्यानात असू द्यावे. दुसरी, विष्ठा. ती बाजरीच्या दाण्यांसारखी कणदार दिसली तर अन्न पचत नाही असे समजावे. ती डांबरासारखी काळी झाली तर पोटात रक्तस्राव आहे, आणि मग एक दिवसही थांबू नये.

तथापि फेरेट मांस खाऊ लागला म्हणजे काम झाले, असे नव्हे. नुसते मांस हे पूर्ण अन्न नाही. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अत्यल्प; रानातला पोलकॅट उंदीर किंवा बेडूक हाडांसह खातो, म्हणून त्याचा हिशेब जुळतो. बिनहाडाचे मांस महिनोन् महिने घातले तर शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम ओढून घेते, आणि वाढत्या पिलाची हाडे वाकतात, मोडतात. म्हणून कच्चे मऊ हाड, किंवा त्याऐवजी कॅल्शियमची मोजलेली भुकटी अवश्य असावी. शिजविलेले हाड कधीही देऊ नये. ते चिरफळते आणि आतड्यात रुतते. खाटकाकडे जिला कलेजी म्हणतात ती थोडी हवी, कारण तिच्यात अ जीवनसत्त्व आहे. पुष्कळ नको, कारण त्याच जीवनसत्त्वाचा अतिरेक बाधतो. हृदयाचे मांस मोलाचे, कारण त्यात टॉरिन असते. मांजराला टॉरिन कमी पडले तर दृष्टिपटल निकामी होते हे १९७५ साली आणि हृदय दुबळे होते हे १९८७ साली सिद्ध झाले. फेरेटची गरजही तशीच मानून पशुवैद्य चालतात.

कच्चे म्हणजे नैसर्गिक आणि नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हे समीकरणही तपासून घ्यावे लागते. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात चॅस्टेक नावाच्या गृहस्थाचा खोकडांचा फार्म होता. १९३२ साली तेथील खोकडांना एकाएकी पक्षाघात होऊन ती मरू लागली. त्यांना कच्चे मासे घालण्यात येत होते. पुढे उमगले ते असे की काही माशांत ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करणारे एक द्रव्य असते, आणि मासे शिजविले की ते द्रव्य निकामी होते. त्या रोगाला आजही चॅस्टेकचेच नाव आहे.

जंतूंचा धोका तर उघडच आहे. कच्च्या कोंबडीत साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. फेरेट स्वतः कदाचित धडधाकट राहील, पण त्याला कुरवाळणारे लहान मूल आजारी पडेल. गोठविल्याने काही परोपजीवी मरतात, हे जंतू मरत नाहीत. त्यात फेरेटची चोरटी सवय. अर्धा खाल्लेला पंख तो पाहुण्याच्या बुटात नेऊन ठेवतो, आणि चौथ्या दिवशी वासावरून त्याचा शोध लागतो. म्हणून मांस धुता येईल अशा जागी, डोळ्यांदेखत खाऊ घालावे आणि उरलेले लगेच उचलावे, असा दंडक असतो.

याहून गंभीर गोष्ट अलीकडची आहे. १९३३ साली लंडनमध्ये विल्सन स्मिथ, अँड्रूज आणि लेडलॉ या तिघा संशोधकांनी माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू प्रथम पकडला तो फेरेटच्याच साहाय्याने. कारण हा प्राणी त्या रोगाला माणसाइतकाच सहज बळी पडतो. तेव्हापासून प्रयोगशाळांत त्याची गरज संपलेली नाही. आता पक्ष्यांच्या इन्फ्लुएंझाची साथ कोंबड्या आणि टर्की यांच्यात फैलावली आहे. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात डिसेंबर २०२४ मध्ये टर्कीचे गोठविलेले कच्चे खाद्य खाऊन एक घरगुती मांजर या रोगाने मेले, आणि ते खाद्य बाजारातून परत मागविण्यात आले. जे अन्न मांजराला मारू शकते ते फेरेटला मारणार नाही, असे मानण्यास काहीच आधार नाही. त्यामुळे साथीच्या प्रदेशातील कित्येक जाणते पाळणारे आता मांस आतपर्यंत शिजवून, हाडे काढून, त्यात कॅल्शियमची भुकटी आणि टॉरिन मिसळून देतात. ज्या पाण्यात मांस उकळले ते पाणी फेकून न देता त्यातच कालवितात, कारण टॉरिन त्या पाण्यात उतरते.

म्हाताऱ्या फेरेटचे काय, हा प्रश्न पशुवैद्यांना वारंवार विचारला जातो. सहा-सात वर्षे वयाचा, दात झिजलेला, जन्मभर एकाच पिशवीतले दाणे खाल्लेला प्राणी चार महिन्यांच्या खटाटोपानंतरही मांसाकडे पाठ फिरवीत असेल, तर त्याला त्याचे दाणेच द्यावे. मात्र ज्यात प्राणिज प्रथिने अधिक आणि पिष्ट कमी असे निवडून द्यावे, आणि दात दुखत असतील तर कोमट पाण्यात भिजवून द्यावे. त्याची ती वाटी रात्रीही रिकामी राहू देऊ नये.