खेळाडूचे शरीर आणि खेळाडूचे मन



पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलांची खांदशेकणी होते. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेले खांदे आपण तुपाहळदीने चोळतो, शेकतो. आर्वी-कारंजाकडची गवळाऊ जोडी असो की साधी घरची जोडी, खांदा सुजला असेल तर शहाणा शेतकरी त्या दिवशी तिला वखराला जुंपत नाही. मुकं जनावर बोलत नाही, पण आपण ओळखतो. आता प्रश्न असा, की आपल्या गावचा कुस्तीगीर पोरगा किंवा कबड्डीपटू पोरगी हिच्या खांद्याकडे आपण तितक्याच मायेने पाहतो का? तिला तर तोंड आहे. पण खेळणाऱ्या पोरांची गंमत अशी, की दुखतं हे सांगायला त्यांना लाज वाटते.

खेळ वाईट, असे मी म्हणणार नाही. खेळाने अंग पिळदार होते, भीड मोडते, हरणेही शिकता येते. पण हौसेचा खेळ वेगळा आणि पोटाचा खेळ वेगळा. खेळावर पोट अवलंबून राहिले की शरीर हे भांडवल होते, आणि भांडवल रोज मोडून खाल्ले तर काय उरते, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव तुम्हाला ठाऊक आहेत. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकात त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. त्यानंतर दुसरे यायला १९९६ साल उजाडले. त्यांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गुरुजनहो, ही गोष्ट मुलांना जरूर सांगा.

पण तिची दुसरी बाजूही सांगा. जपानच्या इशीशी झालेली लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच खाशाबांना सोव्हिएत मल्लापुढे उभे केले गेले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता. पण तो नियम बोलून दाखवायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेले शरीर हरले. पुढे गुडघ्याची दुखापत अशी बळावली, की १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला त्यांना जाता आले नाही. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले होते, म्हणून संसार चालला. तरीही निवृत्तीनंतर पेन्शनसाठी त्यांना झगडावे लागले. १९८४ साली अपघातात ते वारले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर. आज १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस आपल्या राज्यात क्रीडा दिन म्हणून पाळतात. मान मिळाला, पण तो घ्यायला माणूस राहिला नाही.

आता शरीराचे पाहू. पहिलवानाचा फुगलेला, मुडपलेला कान तुम्ही पाहिला असेल. लोक तो कौतुकाने दाखवतात. होते असे, की घर्षणाने कानाच्या कूर्चेवर रक्त साचते, कूर्चेचे पोषण तुटते आणि ती आकसून घट्ट होते. सूज आल्यावर लगेच, एकदोन दिवसांत डॉक्टरांकडून ते रक्त काढून घेतले तर कान वाचतो. गुडघ्याचेही तसेच. कबड्डीत चढाई करणारा झटक्यात वळतो, पाय जमिनीत रुतलेला राहतो आणि गुडघ्याच्या आतला बंध तुटतो. तेव्हा कट्ट असा आवाज येतो आणि गुडघा काही तासांत सुजतो. मालिश करून तो बंध जुळत नाही. उलट तसेच खेळत राहिले तर आतली गादी फाटते, आणि चाळिशीत माणूस जिना चढताना कठडा धरतो.

सगळ्यात कमी लेखला जाणारा मार म्हणजे डोक्याचा. इंग्लंडात रग्बी नावाचा धसमुसळा खेळ आहे. १९९५ पासून त्यात उघडपणे पगार मिळू लागला. खेळाडू धिप्पाड झाले, धडकाही वाढल्या. २००३ साली विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघात स्टीव्ह थॉम्पसन होता. २०२० साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्याने जाहीर केले की आपल्याला स्मृतिभ्रंश जडला आहे आणि तो विश्वचषक जिंकल्याचे आपल्याला आठवतही नाही. ज्या दिवसासाठी आयुष्य वेचले, तोच दिवस पुसला गेला!

तेव्हा एक नियम शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवा. डोक्याला मार बसून मूल गांगरले, चक्कर आली, तेच तेच विचारू लागले, तर त्या दिवशी खेळ बंद. दोन मिनिटे बसून पुन्हा मैदानात, हे चालायचे नाही. वारंवार उलटी, वाढती झोप, झटका किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काही दिसले तर तडक दवाखाना गाठा. आपल्या जिल्ह्यात सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे. तिथे जायला उशीर करण्याचे काही कारण नाही.

वजनाचाही एक घातक खेळ आहे. खालच्या गटात बसावे म्हणून पोरे दोनदोन दिवस पाणी तोडतात, जाड कपडे घालून घाम गाळतात. १९९७ साली अमेरिकेत असे वजन उतरवताना महिनाभरात तीन कॉलेजकुमार मल्ल मरण पावले, तेव्हा कुठे नियम बदलले. विदर्भाच्या उन्हाळ्यात पाणी तोडणे म्हणजे उष्माघाताला आवतण देणे होय. आणि उलटेही होते. कुस्ती सुटते पण खुराक सुटत नाही. बैठका बंद, दूध-तूप चालू, मग मधुमेह आणि रक्तदाब घरात येऊन बसतात.

आता मनाकडे वळू. हे दिसत नाही, म्हणून त्यावर बोलणे होत नाही. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि खेड्यातल्या पोरांना लाखांची बोली लागू लागली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईला २०१९ साली एक कोटी पंचेचाळीस लाख रुपये मिळाले. आनंदच आहे! पण पुढच्याच हंगामात खांद्याच्या दुखापतीने त्याला बहुतेक सामने बाहेर बसावे लागले. तो पुन्हा उभा राहिला, पुढेही खेळला. मात्र ज्याची बोली लागत नाही आणि खांदाही गेला, असा पोरगा गावी परत येतो तेव्हा काय होते? काल पारावर ज्याची वाट पाहिली जायची, त्याला आज कोणी विचारत नाही. "काय गा, सुटली का कबड्डी?" एवढे एक वाक्य त्याला रात्रभर जागवते. लहानपणापासून तो स्वतःला पहिलवान म्हणूनच ओळखत आला. ते नाव गेल्यावर आपण कोण, हे त्याला सांगता येत नाही. मग झोप उडते, चिडचिड वाढते, कोणी दारूचा आधार शोधतो. ही दुर्बलता नव्हे. तुटलेल्या बंधासारखीच ती दुखापत आहे, तिलाही वेळ, सोबत आणि उपचार लागतात. मोकळे बोलायला १४४१६ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक आहे. त्याला पैसे पडत नाहीत.

मग करावे काय? मोठमोठ्या योजना बाजूला ठेवा. तीन गोष्टी आपल्या हातात आहेत.

पहिली, शाळा सुटू देऊ नका. खाशाबा मैदानातून उतरले तेव्हा त्यांच्यापाशी शिक्षण होते, म्हणून नोकरी झाली. खेळात जाणारा मुलगा दहावी-बारावी पुरी करील आणि एखादे हुन्नर शिकेल, हे मास्तरांनी आणि आईबापांनी मिळून पाहावे.

दुसरी, दुखणे सांगणाऱ्याला भित्रा म्हणू नका. वस्तादाने आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांतीचा ठेवावा. जखमी गडी बसला म्हणून सामना हरला तर हरू द्यावा. सामना पुन्हा होईल, गुडघा पुन्हा मिळणार नाही.

तिसरी, खेळ सुटलेल्याला काम द्या. त्याला शाळेत बोलवा, लहान पोरांना डाव शिकवू द्या, ग्रामपंचायतीच्या व्यायामशाळेची किल्ली त्याच्या हाती ठेवा. आपली विद्या अजून कोणाला तरी हवी आहे, एवढे कळले की माणूस सावरतो.

गावात दंगल होते तेव्हा जिंकणाऱ्याला आपण फेटा बांधतो, ते चांगलेच आहे. या वर्षी एवढे करा: पाच-दहा वर्षांपूर्वी ज्याला फेटा बांधला होता, त्याच्या घरी जाऊन या. त्याचा गुडघा कसा आहे, झोप कशी लागते, हे विचारा. आणि तो सांगेल ते शांतपणे ऐकून घ्या.