खळाळत्या पाण्यातील नाव आणि आपली मुले

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



वाशीमसारख्या कोरडवाहू जिल्ह्यात नावांच्या शर्यतीवर भाषण कशासाठी, असे काहींना वाटेल. परंतु पैनगंगा आणि अडाण या नद्या आपल्याच जिल्ह्यातून वाहतात, एकबुर्जीचा जलाशय वाशीम शहराची तहान भागवतो. पाणी जवळ आहे, पाण्याची ओळख मात्र नाही. आपण मुलांना भीती घालून पाण्यापासून दूर ठेवतो. आणि ज्याला पोहता येत नाही ते मूल पाय घसरला की बुडते. यावर उपाय भीती नव्हे, शिक्षण आहे. मुलांना पोहणे शिकवा, हा उपदेश हजरत उमर (रजि.) यांच्या नावाने आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो.

खळाळत्या पाण्यातील शर्यतीला कॅनू स्लॅलम म्हणतात. प्रवाहावर खांब टांगून १८ ते २५ दारे केलेली असतात. त्यांतून नाव न्यायची, काही दारे तर प्रवाहाच्या उलट दिशेने पार करायची. खांबाला स्पर्श झाला तर २ सेकंद आणि दार चुकले तर ५० सेकंद दंड.

या नावेची रचना समजून घेण्यासारखी आहे. संथ पाण्यातील शर्यतीची एकट्याची नाव ५.२० मीटरपर्यंत लांब आणि अरुंद असते. ती बाणासारखी सरळ धावते, पण चटकन वळत नाही. स्लॅलमची नाव किमान ३.५० मीटर लांब व ६० सेंटिमीटर रुंद असावी लागते. तिचा तळ बराचसा सपाट आणि दोन्ही टोके किंचित वर उचललेली, म्हणून ती जवळजवळ जागच्या जागी फिरते. शर्यतीची नाव कार्बन व केवलरच्या धाग्यांची, अवघ्या आठ-नऊ किलोंची असते. पण खडकावर आपटली तर तडकते आणि किंमतही फार. प्लॅस्टिकची नाव जड खरी, परंतु ती धक्के सोसते. शिकणाऱ्याला हीच योग्य.

शेजारच्या मध्य प्रदेशात अहिल्याबाईंच्या महेश्वरजवळ सहस्रधारा येथे नर्मदा काळ्या खडकांतून अनेक धारांनी वाहते. २०२३ साली खेलो इंडिया युवा स्पर्धेतील कॅनू स्लॅलम तेथेच झाले. मुलींनीही लक्षात घ्यावे, की २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकपासून महिलांची एकट्याच्या कॅनूची (सी-१) स्लॅलम शर्यतही सुरू झाली आहे. श्रीनगरच्या बिल्किस मीर दल सरोवरात वल्हे मारायला शिकल्या, भारतीय संघाच्या प्रशिक्षक झाल्या आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पंचमंडळावर बसल्या.

आपल्या महाराष्ट्रातील दत्तू भोकनळ यांचे उदाहरण घ्या. त्यांचा खेळ रोइंगचा, पण धडा तोच. चांदवड तालुक्यातील दुष्काळी गावचा हा तरुण २०१२ मध्ये सैन्यात गेला, तेथे त्याच्या हाती वल्हे आले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो १३ वा आला, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघाने सुवर्णपदक जिंकले. गुण मुलात होताच. नाव, आहार आणि प्रशिक्षक सैन्याने दिले.

खेलो इंडियात निवड झालेल्या खेळाडूला दरमहा १०,००० रुपये खर्चासाठी मिळतात. पण निवड होईपर्यंतचा खर्च घरावरच पडतो, आणि गरिबाचे मूल तेथेच थांबते. समाजाची मदत नेमकी त्या टप्प्यावर हवी.

म्हणून माझ्या काही सूचना आहेत. प्रथम पोहणे, जो पोहण्यात उतरेल तोच नावेत बसेल. त्यानंतर जीवनरक्षक जाकीट आणि शिरस्त्राण. मग प्लॅस्टिकच्या दोन नावा घ्याव्यात. त्या संस्थेच्या मालकीच्या राहाव्यात, म्हणजे एका मुलानंतर दुसऱ्याला उपयोगी पडतील. जाणत्या प्रशिक्षकाखाली, परवानगी घेऊन, संथ पाण्यातच सराव व्हावा. पुराच्या पाण्यात कदापि नाही. दरवर्षी एक मुलगा व एक मुलगी बाहेरच्या शिबिरास पाठवावी आणि त्यांचा बुडालेला अभ्यास आम्ही शिक्षकांनी भरून काढावा. यासाठी स्वतंत्र वर्गणी असावी. जकातीवर गरजूंचा हक्क आहे, तिला हात लावू नये.

प्रत्येक मूल पदक आणणार नाही. पण पोहता येणारे, धीट आणि शिस्तीचे मूल घरी परत येईल, ही कमाई थोडी नव्हे. पालकांनी याचा विचार करावा, ही विनंती करून मी आपली रजा घेतो. खुदा हाफिज. जय हिंद!